चार दिवसांचं शहर आणि एक सैल कवळी

ती. ताईंना,

नमस्कार. (वाकून केलेला आहे, कागदावर दिसत नाही एवढंच.) तुमचा गुडघा आता जिने चढू देतो की अजून तळमजल्यावरच कारभार चालू आहे? आमच्या साडूबुवांचा खोकला थांबला असल्यास आनंद आहे. थांबला नसल्यास त्यांनी औषध बदलण्याआधी पंख्याखालची जागा बदलून पाहावी. मागच्या वर्षी करून दिलेली वरची कवळी टोचत नाही ना? टोचत असली तर भिडेखातर गप्प बसू नका. माणसं आयुष्यभर कुणाचं ऐकून घेत नाहीत, पण स्वतःच्या तोंडातली कवळी टोचते हे सांगायला लाजतात, आणि माझ्यासारख्या कवळ्या करणाऱ्याला ते तीन-तीन वर्षांनी कळतं.

पत्र लिहिण्याचं कारण म्हणजे आम्ही दोघं नुकतेच परगावी जाऊन आलो, त्याची हकिकत. तुमच्या धाकट्या बहिणीला बढती मिळाल्याचं तिने फोनवर सांगितलंच असेल. आजवर ती पाणी तपासत होती, आता पाणी तपासणाऱ्यांना तपासणार. फक्त ती खुर्ची इथे नाही, गाडीने बारा तासांवरच्या शहरात आहे, आणि हो-नाही महिनाअखेरीस कळवायचं आहे. मी नेहमीप्रमाणे म्हटलं, "तुला योग्य वाटेल ते कर." यावर तिने माझ्याकडे जरा वेळ पाहिलं आणि म्हणाली, "चार दिवस जाऊन राहून पाहू. पाहुण्यांसारखं नाही, तिथलेच असल्यासारखं." लेक वसतिगृहात, घरात आम्ही दोघंच, तेव्हा नाही म्हणायला निमित्तही नव्हतं. मी एक कोरी वही घेतली, त्या शहराचे दोष टिपायला. (मी विरोधात नव्हतो, ताई. पण कुणीतरी टिपायला हवेत की नाही?) तिने पाणी तपासायच्या पट्ट्यांची डबी घेतली. मी माझी बारीक कानस आणि पॉलिशचा कागदही पिशवीत टाकला. ते का, असं तिने विचारलं नाही. न्हावी लग्नाला निघाला तरी वस्तरा घेऊनच निघतो.

लॉजची खोली अशी होती की कपाट उघडायचं तर मोरीचं दार लावून घ्यावं लागे, आणि मोरीचं दार लावलं की आत गेलेला माणूस कपाट मिटेपर्यंत बाहेर येऊ शकत नसे. पहिल्या सकाळी मी आत आणि ती साडी निवडतेय, अशी पंचवीस मिनिटं गेली. चहा येईस्तोवर वहीत नऊ दोष झाले होते. मग तिथलेच असल्यासारखं दाखवायचं म्हणून कुणालाही न विचारता बसमध्ये चढलो. बस शहराकडे पाठ करून निघाली आणि थेट आगारात जाऊन थांबली. ड्रायव्हर, कंडक्टर डबे घेऊन उतरले. आम्हीही तिथलेच असल्यासारखे बसून राहिलो. झाडणारी बाई आली, तिने आमच्या पायांभोवतीनं केर काढला, आणि काही न बोलता निघून गेली. अशा रीतीने शहराचं पहिलं दर्शन आम्ही एका उभ्या बसमधून घेतलं. दिसत होती ती टायर धुण्याची जागा. परतीच्या बसमध्ये मात्र माणसं होती, आणि मी सवयीने त्यांचे दात पाहत बसलो. ताई, त्या शहरातली म्हातारी माणसं तोंडावर हात धरून हसतात. एक नाही, दोन नाही, बसमधली सगळी. हे मी वहीत लिहिलं, पण दोष म्हणून लिहावं की काय म्हणून, ते कळेना.

दुपारी तीनला दलालाने एक घर दाखवायचं कबूल केलं होतं. त्याने फोनवर नुसतं "पाण्याच्या टाकीमागची वसाहत, कुणालाही विचारा" एवढंच सांगून ठेवलं होतं. घरमालकाचं नाव सांगून मी एका बाकावर बसलेल्या वृद्ध गृहस्थांना विचारलं. भूगोलाचे निवृत्त मास्तर निघाले. चाळीस वर्षं नकाशे शिकवलेले, तेव्हा त्यांनी नुसती वाट सांगितली नाही, काठीने मातीत वसाहतच काढून दाखवली, उत्तर दिशेसकट. "आतवी गल्ली, उजव्या हाताला तिअरं घर." मी आभार मानले आणि आम्ही आठव्या गल्लीत उजव्या हाताच्या तिसऱ्या घरी गेलो. इथे सगळा दोष माझा आहे. वरची कवळी सैल असली की जीभ ती सांभाळण्यात गुंतते आणि 'स' गळून पडतो, हे मी बावीस वर्षं लोकांना समजावतो आहे. मास्तर बिचारे 'सातवी' म्हणाले होते.

दार एका धिप्पाड बाईंनी उघडलं. आमच्या बाईसाहेब म्हणाल्या, "आम्ही पाहायला आलोय." बाई म्हणाल्या, "या, या, केव्हापासून वाट पाहतेय!" यापुढे आम्हाला शंका यावी तरी कशी? तुमच्या बहिणीने स्वयंपाकघराच्या खिडक्या उघडून पाहिल्या, कपाटांत डोकावली, पलंगाखाली ओल आहे का ते बॅटरी लावून पाहिलं. मी माळ्यावर चढलो. (तिथे मडकी, मोडकी सायकल आणि एक आजोबा होते. आजोबांचा फक्त फोटो होता, पण अंधारात ते आधी कळलं नाही, आणि मी नमस्कार करून बसलो.) मग तिने नळ सोडला, भांड्यात पाणी धरलं आणि पट्टी बुडवली. पट्टीचा रंग पाहून ती मान हलवायला लागली. तशी बाई कंबरेवर हात ठेवून म्हणाल्या, "बघा! मी सांगत नव्हते? अर्ज करकरून बोटं झिजली, तेव्हा कुठे आज तुम्ही लोक उगवलात!"

ताई, त्या आम्हाला पाणीखात्याची माणसं समजल्या होत्या. आम्ही भाड्याने घर पाहायला आलोय हे तुमच्या बहिणीने सांगितलं. मी माळ्यावरून उतरत होतो, तो शिडीवरच थांबलो. बाई आधी लाल झाल्या, मग त्यांची नजर पट्टीवर गेली. "पण मग हे तुम्हाला कळतं कसं?" झालं. तुमची बहीण पाण्याबद्दल बोलायला लागली की तिला थांबवण्याची ताकद माझ्यात नाही, आणि त्या बाईंना तर थांबवायचंच नव्हतं. शेजारीण आली, तिची सून आली, समोरचे शिंपी आले. पाऊण तासात अकरा घरांतलं पाणी तांब्या, बरणी, किटली अशा मिळेल त्या भांड्यातून ओट्यावर येऊन बसलं. तिने प्रत्येकावर घराचा नंबर लिहिला, पट्ट्या रांगेने वाळत ठेवल्या आणि खराबी गल्लीच्या वरच्या अंगापासून नाही, मधल्या एका पाइपच्या जोडापासून सुरू होते, हे दाखवून दिलं. "अर्जात 'पाणी वाईट' असं लिहू नका, जोडाची जागा लिहा," असं सांगून तिने मजकूरही सांगितला. शिंप्यांनी तो लिहून घेतला. चार वाजून गेले होते. दलालाचे सात फोन येऊन गेले होते. मी तिला ते सांगायला गेलो, तर ती केस मागे सारत म्हणाली, "थांबा हो जरा." असा चेहरा मी तिचा बऱ्याच वर्षांत पाहिलेला नाही.

मला तिथे काही काम नव्हतं. म्हणून मी बाकाकडे परत गेलो, वाट चुकल्याची तक्रार करायला. मास्तर तिथेच होते आणि खलबत्त्यात कुटून आणलेले शेंगदाणे पुडीतून खात होते. कवळी खिशात. बोलायला दात आणि खायला हिरड्या, असा त्यांचा तीन वर्षं हिशेब चालला होता. शहरात कवळ्या करणारा एकच होता, तो मुलाकडे निघून गेला. आता इथले दंतवैद्य माप बाहेर पाठवतात, आणि आलेलं बसेल तसं बसतं. नियमाप्रमाणे दंतवैद्य जवळ नसताना मी कुणाच्या तोंडात बोट घालता कामा नये, आणि मी घातलंही नाही. कवळी त्यांनीच रुमालात गुंडाळून माझ्या हातावर ठेवली. डाव्या दाढेपाशी एक उंचवटा राहिला होता, तिथे टेकून सगळी कवळी डुगडुगत होती. आम्ही त्यांच्या घरी गेलो. मी उंबऱ्याशी उजेडात बसून थोडं घासत होतो, ते लावून पाहत होते, पुन्हा थोडं घासत होतो. (कायमचा इलाज कवळीला आतून नवं अस्तर घालण्याचा आहे, हे मी त्यांना तीनदा बजावलं, आणि दंतवैद्याला दाखवा असंही.) पाचव्या वेळी मास्तरीणबाईंनी सफरचंदाची फोड पुढे केली. मास्तरांनी ती चावली. कचकन आवाज आला. मास्तरीणबाई काहीतरी विसरल्यासारखं करून आत गेल्या आणि बराच वेळ बाहेर आल्या नाहीत. मास्तर दुसरी फोड घेत म्हणाले, "आवाज येतो हे विसरूनच गेलो होतो बघा." मी कानस पुसत बसलो. दुसऱ्या सकाळी लॉजच्या दारात तिघं रुमाल घेऊन उभे होते, त्यांना मात्र मी हात जोडून दंतवैद्याकडे पाठवलं, आणि दिवसभर चुकल्यासारखं वाटत राहिलं.

खरं घर मग आम्ही त्याच दिवशी पाहिलं. दोन खोल्या, मोठं स्वयंपाकघर, पुढे एक अरुंद पडवी, तिच्यात उत्तरेचा उजेड. माझं टेबल तिथे बसेल की नाही हे मी पावलांनी मोजत होतो, ते दलालाच्या लक्षात आलं, आणि तो एकदम मवाळ झाला. तिसऱ्या दिवशी ती प्रयोगशाळा पाहायला गेली. मी फाटकाबाहेर थांबलो. दोन तासांनी आली ती गप्पच. चौथ्या दिवशी आम्ही परतीच्या गाडीत बसलो आणि स्टेशन सुटल्यावर ती खिडकीबाहेर पाहत म्हणाली, "नको. नाही जायचं."

मी म्हटलं, का? तर म्हणे प्रयोगशाळेतली खोली अंधारी आहे, तिथली माणसं आखडू आहेत, आणि लॉजचं कपाट. मी म्हटलं, लॉजच्या कपाटात आपण राहणार आहोत का? बोलता बोलता मी पिशवीतून दोषांची वही काढली आणि एकेक दोष कसा दोष नाही हे तिला पटवायला लागलो. समोरच्या बाकावरच्या माणसाला मी त्या शहराचा नगरसेवक वाटलो असेन. तिने शांतपणे विचारलं, "पण तुम्हालाच नको होतं ना?" मी म्हटलं, "मी कुठे तसं म्हटलं?" ती म्हणाली, "हवंय असंही कुठे म्हटलं?" आणि डोळे मिटून घेतले. त्याला आज सहा दिवस झाले. विषय काढला की कुकर लावायला उठते. इथे मला काम देणाऱ्या दोनांपैकी एक दंतवैद्य दवाखाना बंद करताहेत, दुसऱ्यांनी कवळ्या करायचं यंत्र आणलंय, हे तिला ठाऊक आहे; पण ते कारण म्हणून पुढे करायला मला बरं वाटत नाही.

असो. अशी आमची सहल झाली. बाकी सर्व ठीक. साडूबुवांना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

आपला,
धाकट्या बहिणीचा नवरा

ता. क. एक विनंती होती. तुमची बहीण लहानपणापासून तुम्ही सांगाल त्याच्या बरोबर उलट करत आली आहे, हे तुम्हीच मला लग्नात सांगितलं होतं. तर तिला एक फोन करून "मुळीच जाऊ नकोस" असं ठणकावून सांगाल का? जरा कडक आवाजात.

ता. क. २. मी सांगितलंय हे कळू देऊ नका.

ता. क. ३. ताई, हे मी लिहितेय. पाकिटावर तुझा पत्ता घालायला यांनी माझ्याकडे दिलं, ते न चिकटवता. होकार मी तिसऱ्याच दिवशी तिथे सही करून देऊन आले आहे. खोली चांगली उजेडाची आहे आणि माणसंही बरी आहेत. पण नंतर छत गळलं, गाडी चुकली, मीठ जास्त पडलं की "तुझ्या नोकरीसाठी आलो" हे मला जन्मभर ऐकायचं नाही. बावीस वर्षं हा माणूस "तुला योग्य वाटेल ते कर" म्हणत आला. एकदा तरी "मला जायचंय" हे यांच्या तोंडून निघू दे. अगदी ओठांवर आलंय, काल आमटी वाढताना निघतच होतं. तेव्हा तू फोन कर आणि मला चांगली झाप. मीही भांडेन. ते दाराआड उभे असतील, म्हणून मोठ्याने बोल.