पायथनमधला ट्रिगर

प्रिय निबिया,

तू लिहिलेला ट्रिगर आज मी काढून टाकला. दुसऱ्या कुणाकडून कळण्याआधी तुला माझ्याकडून कळावं.

प्रयोगशाळेनं दुधात औषधाचा अंश नोंदवला, की डेटाबेस आपोआप तो टँकर अडवायचा. त्या ट्रिगरमागचं पायथनमधलं तुझं ते फंक्शन तू मोंतेविदेओला गेल्यावरही चालत राहिलं. पण आता डेअरीचा डेटाबेस भाड्याच्या सर्व्हरवर जातोय आणि तिथं डेटाबेसच्या आत पायथन चालू देत नाहीत. उरल्या दोन भाषा: जावास्क्रिप्ट, नाहीतर डेटाबेसची स्वतःची. मी आठवडाभर घोळ घालत बसलो. प्रयोगशाळेच्या ग्रासिएलाबाई सगळ्यांत फिरणारा माते चहाचा तुंबा भरत म्हणाल्या, "विल्मार, भाषा निवडतोयस की बायको?" टँकरवाला लोरेंसो लगेच म्हणाला, "बायको निवडली होती हो त्यानं, तीच बस पकडून गेली!" सगळे हसले. मीही हसलो. जायच्या दिवशी तू तुंबा परत देताना आभार मानलेस, म्हणजे ‘आता मला पुरे’, आणि रीतीप्रमाणे पुढच्या फेरीत मी तुला वगळलं, ते आठवलं.

खरं सांगतो, मी जावास्क्रिप्टमध्ये लिहूनही टाकलं होतं. ती तुला येते. अडलं तर तुला फोन करता आला असता. पण ग्रासिएलाबाईंना वाचायला दिलं तर म्हणाल्या, "यात मला फक्त टँकर कळला, बाबा." मग डेटाबेसच्या भाषेत लिहून दाखवलं. त्या रोज तिच्यातच माहिती काढतात, त्यामुळे बोट ठेवून वाचत गेल्या आणि मध्येच थांबल्या. "अरे, हे नवी नोंद झाली तरच बघतंय. नमुना पुन्हा तपासून मी निकाल बदलला तर? टँकर जाईल ना सुटून!" जावास्क्रिप्टमध्येही मी तेच केलं होतं, आणि ते कुणाच्याच नजरेला पडलं नसतं. लगेच दुरुस्त केलं, निकाल बदलून पाहिला. टँकर अडला.

तेव्हा भाषा ठरली. यापुढे इथं काही बिघडलं तर बाई आणि मी निस्तरू. डेअरीतून तुला फोन येणार नाही. हे पत्र त्याचसाठी. तुझा आवाज ऐकायला माझ्यापाशी तेवढंच एक निमित्त होतं आणि ते मी स्वतःच्या हातानं पुसलंय. आता यायचं झालं तर तुला निमित्तावाचून यावं लागेल. इतकी वर्षं टँकर राखलेस, तरी आभार मात्र मानत नाही. फेरी अजून चालू आहे.

तुझाच,
विल्मार