एकाच्या निरोपाला दोघांचा फोटो

भोईवाडा, परळ, मुंबई १२
नोव्हेंबर १९५८

ती. तुळसावहिनींस,

धाकटा दीर गुणाजी याचा सप्रेम जयभीम. मायन्यात नुसतं ‘ती.’ वाचून गुणाजी हवालदाराला पुढचं लिहायचा कंटाळा आला असं समजू नका. त्या एका अक्षरापायी इथे अर्धा दिवस गेला आहे. पूर्वी पत्र लिहून देणारा कारकून ‘सौ.’ लिहू की ‘गं. भा.’ असं विचारायचा, आणि आई हातातली पळी घेऊन त्याच्या अंगावर जायची. सीतारामदादा लढाईत बेपत्ता झाला असं सरकारनं कळवलं, मेला असं नाही, तेव्हा माझ्या सुनेला विधवा लिहिणारा तू कोण, असं तिचं म्हणणं. (कारकून पुढे आपल्या चाळीवरून जायचं टाळू लागला.) म्हणून मी मधला मार्ग काढला आणि तुम्हाला नुसतं ‘ती.’ लिहू लागलो. आता आपल्या चाळीचे सेक्रेटरी जगदीश म्हणतात की ‘ती.’ म्हणजे तीर्थरूप, आणि तीर्थं तर आपण दीक्षा घेतली तेव्हाच सोडली, ‘आदरणीय’ लिहा. पण आदरणीय सभेच्या अध्यक्षाला म्हणतात. तुम्हाला म्हटलं तर तुम्ही चार शब्द बोलायला उभ्या राहाल अशी भीती वाटली. तेव्हा जे आहे ते गोड मानून घ्या.

तुमचा गुडघा कसा आहे? शेळ्या कशा आहेत? परड्यातल्या फणसावर शेजारच्यांची नजर अजून तशीच आहे का? इकडे आम्ही सगळे खुशाल. तुमच्या जावेला, चंपाला, खोकला आहे पण भांडण्याइतका दम आहे. आई सकाळी उठून नळावर पहिला नंबर लावते, आणि तो दुसऱ्याचा होता असं कुणी म्हटलं की तिला ऐकू येईनासं होतं.

मुख्य बातमी अशी की सरकार मला पुन्हा मिसरच्या (इजिप्तच्या) बाजूला धाडत आहे. दादा आणि मी जर्मनच्या लढाईत जिथे गेलो होतो, तोच मुलूख. तेव्हा मला मिशी नीट फुटली नव्हती, आता तीच पांढरी व्हायला लागली आहे, आणि वाळू मात्र म्हणे होती तेवढीच आहे. मला कुणी विचारलं नाही. पलटणीत माणसाला विचारत नाहीत, नाव पुकारतात. या वेळी लढाई नाही. तिकडे दोन देशांचं भांडण झालं, तेव्हा जगातल्या बाकीच्या देशांनी आपापली थोडी थोडी माणसं मध्ये नेऊन उभी केली आहेत. त्यांनी गोळी झाडायची नाही, कुणाची बाजू घ्यायची नाही, दोघांच्या मध्ये नुसतं उभं राहायचं. मी मोटार हाकणारा, त्यामुळे मी मध्ये उभं न राहता मध्ये मोटार हाकणार. चंपाला हे समजावून सांगितलं तर ती म्हणाली की नळावर माझं आणि चौदा नंबरवालीचं जुंपलं तेव्हा तुम्ही कुठे मध्ये आलात? तेव्हा तुम्हाला बरी शिंक आली आणि तुम्ही खोलीत गेलात. यावर मला खरोखरच शिंक आली.

आता टोपीचं ऐका. या कामावर जाणाऱ्याला निळी टोपी मिळते, कारण त्या सगळ्या देशांच्या मंडळाचं निशाणच निळं आहे. ती टोपी मी घरी आणून खुंटीला अडकवली आणि तासाभरात आमच्या मजल्यावर हीऽऽ गर्दी. निळी! आपल्या निशाणाची! जगदीशनं ती दोन्ही हातांनी उचलून कठड्यावरून खालच्यांना दाखवली आणि जाहीर केलं की साऱ्या जगाच्या फौजेनं आपला रंग घेतला. मी म्हणालो, बाबा, त्यांचा निळा वेगळा आहे, फिकट आहे. तर तो म्हणाला, समुद्र ओलांडून जाताना थोडा उतरणारच. टाळ्या पडल्या. खालच्या मजल्यावरच्या एका म्हाताऱ्यानं टोपीला लांबून हात जोडले. वहिनी, ज्या चाळीतल्या माणसांच्या बापजाद्यांना गावात दुसऱ्याच्या पाण्याला हात लावता येत नव्हता, त्यांना जगाच्या फौजेची टोपी आपल्या रंगाची वाटली, तर ते दुरुस्त करणारा मी कोण? आता त्या टोपीकडे बघून मलाही शंका येऊ लागली आहे की जगदीशचं बरोबर असावं.

सगळेच एवढे खूश नाहीत. शेजारचे शामराव, गिरणीत जॉबर, म्हणजे मुकादम, आहेत, ते या आठवड्यात बेळगावकडे सत्याग्रहाला निघालेत. त्यांची सासुरवाडी निपाणीची. तिथली बोली मराठी, भांडणं मराठी, फक्त रस्त्यावरच्या पाट्या आता कानडी, आणि हे शामरावांना जेवताना आठवतं. जेवण तसंच ठेवून ते माझ्याकडे आले आणि म्हणाले, “आपली हद्द पडलीय उघडी, मुंबई अजून अधांतरी लटकतेय, आणि तू चाललास परक्याची हद्द राखायला? काय रे हे गुणाजी?” मी म्हटलं, शामराव, आपण दोघेही हद्दीवरच चाललो. तुम्ही तिथे जाऊन पोलिसांच्या हवाली व्हायचं, मी तिथे जाऊन कुणाच्याच हवाली व्हायचं नाही, एवढाच फरक. ते हसले, पण मला रात्री त्याचाच विचार येत राहिला. मी हद्दी पाहिल्या आहेत. वाळूत पिंपं मांडून आखलेल्या असतात, आणि वारा सुटला की अलीकडची वाळू खुशाल पलीकडे जाते. पण त्या पिंपांच्या पलीकडे आपलं माणूस राहिलेलं असलं तर तीच हद्द जेवणात आठवते, हे शामरावांना मी सांगायची गरज नव्हती, आणि तुम्हाला तर नाहीच.

रविवारी चाळीनं माझा निरोपाचा समारंभ केला, आणि त्यात जे झालं ते सांगण्यासाठीच हे पत्र आहे. मागच्या खेपेला आम्ही दोघे निघालो तेव्हा आईनं आमच्यावरून लिंबू उतरला होता, नारळ फोडला होता, गावच्या देवीला काय काय कबूल केलं होतं. (देवीनं तिचा शब्द पाळला नाही, म्हणून दीक्षा घेताना आईला देवी सोडायला काही जड गेलं नाही.) आता ते सगळं बंद. नव्या धम्मात लग्न कसं लावायचं आणि माणूस गेल्यावर काय म्हणायचं हे जगदीश नीट शिकून आला आहे. पण परदेशी निघालेल्या धडधाकट माणसाचं काय करायचं हे विचारायचं त्याच्याकडून राहून गेलं. तरी पोरगा हुशार. त्यानं मैदानात टेबल मांडलं, त्यावर बुद्धाची आणि बाबासाहेबांची तसबीर, पुढे मेणबत्त्या, उदबत्त्या. मग त्याला वाटलं की ज्याचा समारंभ त्याचाही फोटो हवा. चंपानं भिंतीवरचा काढून दिला. माझा एकट्याचा फोटो आमच्या घरात नाही. आहे तो लढाईवर जाण्याआधी लालबागच्या फोटोवाल्याकडे काढलेला, दादा खुर्चीवर, मी मागे उभा, दोघांच्या टोप्या वाकड्या. तुम्ही तो पाहिला आहे. जगदीशनं तो टेबलावर ठेवला आणि, फोटो म्हटला की हार आलाच, म्हणून त्याला झेंडूचा मोठा हार घातला.

पुढे सभेची सुरुवात. आपल्या चाळीत सभा कसलीही असो, संडास दुरुस्तीची का असेना, आधी संयुक्त महाराष्ट्रासाठी गोळ्या खाऊन गेलेल्यांकरिता उभं राहायचं आणि मग बाबासाहेबांकरिता उभं राहायचं ही आता सवयच झाली आहे. त्याप्रमाणे सगळे माना खाली घालून उभे. मीही टेबलापाशी मान खाली घालून उभा. नेमक्या त्याच वेळी करी रोडवरून आपल्या जाईमावशी आल्या. त्यांना मोतीबिंदू, हे तुम्हाला ठाऊक आहे. त्यांना दिसल्या मेणबत्त्या, दिसला आमचा फोटो, त्याला हार, आणि सगळी चाळ गप्प उभी. मावशींनी जो काही हंबरडा फोडला! “गुणाजी गेला गो बायांनो! सोन्यासारखा माझा गुणाजी!” असं म्हणत त्यांनी जवळ उभ्या असलेल्या पुरुषाच्या गळ्यात हात टाकले. तो पुरुष मी. बायकांचं असं असतं की एकीचा आवाज फुटला की दुसरीला कारण विचारायची गरज भासत नाही. मागल्या दोन रांगा रडू लागल्या. मी मावशींची पाठ थोपटत राहिलो. त्या मला सांगत होत्या की गुणाजीच्या बायकोला आता तुम्ही सांभाळा. मी सांभाळीन म्हणालो. खरं सांगतो, त्या माझ्याबद्दल इतकं चांगलं बोलत होत्या की मध्ये तोंड घालायचं माझ्या जिवावर आलं. शेवटी आवाजावरून त्यांनी मला ओळखलं आणि माझ्या मुस्कटात मारली. मैदान हसून हसून आडवं झालं. सेक्रेटरीही हसले.

आणि मग आई पुढे झाली. ती इतका वेळ पहिल्या रांगेत होती आणि हसलीही नव्हती, रडलीही नव्हती. ती टेबलापाशी आली, दोन्ही हातांनी फोटोवरचा हार काढला, फुलाची पाकळी दादाच्या तोंडावर चिकटली होती ती पदरानं पुसली. एवढी वर्षं त्या फोटोला तिनं कुणाला हार घालू दिलेला नाही. दिवाळीला नाही, बुद्धजयंतीला नाही. हार तिनं माझ्या गळ्यात घातला आणि जगदीशला म्हणाली, “ह्यो जातोय, हार ह्याला घाला. सीताराम आला की त्याला दुसरा घालू.” मग माझ्याकडे वळून, भाजी आणायला सांगावं तसं म्हणाली, “या बारीला त्याला घेऊनच ये. लय झालं आता.”

वहिनी, जगदीशनं भाषण पाठ केलं होतं, ते तसंच गिळलं. मी आईला ‘बरं’ म्हणालो. दुसरं काय म्हणणार होतो? जर्मन विमानं येऊन गेली आणि दादाच्या कंपनीतली रस्ता बांधणारी माणसं मोजली तेव्हा तो त्यांत नव्हता, एवढंच आपल्याला कळलं, आणि एवढ्याशा बातमीच्या आधारानं आई आजवर उभी आहे. आपण सगळ्यांनी तिला तसंच उभं राहू दिलं. मी तर बोटीवरून एकटा उतरलो तेव्हाच तिला म्हणालो होतो की मागून येईल.

आता ती माझं सामान बांधते आहे. कुळथाच्या पिठाच्या पिशव्या केल्या, त्या दोन. सुकट भाजून डब्यात भरली, डबे दोन. बनियन, टॉवेल, सगळं जोडीनं. चंपानं मला खुणेनं विचारलं की सांगायचं का, आणि मी मानेनंच नको म्हणालो. बोटीवर नेता येईल त्याहून जास्त ओझं झालं आहे आणि सुकटीच्या वासानं माझी निळी टोपी आत्ताच कोळीवाड्याची झाली आहे. जगातल्या सगळ्या देशांनी मध्ये उभं राहायला माणसं पाठवली आहेत. त्यांतला मी एकटाच हा वास घेऊन उभा राहीन. दोन्ही बाजूंची भांडणं त्या वासानंच मिटली तर सरकारला माझ्या आईचा सत्कार करावा लागेल.

असो. बोट पुढल्या आठवड्यात निघते. गुडघ्याला जपा, फणसाला जपा. लहान्यांना आशीर्वाद, वाडीतल्या थोरांना जयभीम सांगा. चूकभूल पदरात घ्यावी.

आपला,
गुणाजी

ता. क. मला कुणी विचारलं नाही असं वर लिहिलं आहे, ते खरं नाही. विचारलं होतं. कोण तयार आहे म्हणून साहेबानं विचारलं आणि सगळ्यांच्या आधी माझा हात वर गेला. चंपाला हे कळू देऊ नका. तिला सरकारवर चिडू दे, सरकारला त्याची सवय आहे.

आणखी ता. क. आमच्या कंपनीतला रमाकांत मागच्या तुकडीबरोबर जाऊन आला. तो सांगत होता, तिकडे वाळवंटात एक मोठं आवार बांधलं आहे आणि लढाईत जे सापडलेच नाहीत त्यांची नावं तिथे दगडात कोरली आहेत. आपल्या लोकांचीही आहेत. त्याला एक सीताराम दिसला, पण पुढचं वाचायच्या आत गाडी सुटायची वेळ झाली. सुटी मिळाली की मी तिथे जाणार आहे. हात वर केला तो एवढ्यासाठीच. तो सीताराम आपला असला तर अक्षरांवरून हात फिरवून येईन. नसला तरी दादा कुठे बसून राहिलेला नाही हे मला माहीत आहे, आणि तुम्हाला माझ्याही आधीपासून माहीत आहे. परत आलो की मी आईला सांगणार आहे. पत्रानं नाही, तोंडानं.

शेवटचा ता. क. तुम्ही मुंबईला का येत नाही ते मला ठाऊक आहे. आलात की आई कासाराला बोलावून तुमच्या हातात हिरव्या बांगड्या भरते, आणि तुम्ही तिच्यासाठी हात पुढे करता, आणि गावी जाताना बोटीत बसून त्या एकेक करून काढता. एकदा मी पोचवायला आलो होतो तेव्हा पाहिलं. तरीसुद्धा, वहिनी, माझी परत यायची तारीख कळली की तुम्ही या. दार आई उघडेल. ती माझ्याकडे बघणार नाही, माझ्या पाठीमागे बघेल. त्या वेळी तिचा हात धरायला तुम्ही तिच्या शेजारी हव्यात. आणि तुम्हाला कुणी सावरायचं, ते मला अजून सुचलेलं नाही.