अक्काने बंद केलेल्या गोळ्या

रविवार, संध्याकाळ. दोंडाईचा, अक्काचं घर.

आज येऊन बघतो तर काय! अक्काने स्वतःच्या पोरीच्या सिकलसेलच्या गोळ्या महिन्यापूर्वीच बंद केल्या! तिच्या चर्चचा पास्टर म्हणाला, गोळी घेणं म्हणजे येशूवर अविश्वास. मध्ये पोरीला बरं वाटलं, ती येशूची कृपा. आज हातपाय ठणकून रडतेय, तर म्हणे तिचाच विश्वास कमी. म्हणजे देव कधी चुकतच नाही? मी तर कुठलाच देव मानत नाही. आजार उतरवायला भगत कोंबडं कापतो, त्याला हसणारी अक्का ही!

गोळ्यांचं पाकीट भरलेलंच. एक गोळी काढून पोरीपुढे धरली, तर तिने तोंड घट्ट मिटलं. पाकिटाकडे बघत राहिली. मग हळूच म्हणाली, "मामा, मी गोयी खादी तं येशूले समजी का?"

"नाही समजणार," मी म्हणालो. याहून खरं मी जन्मात बोललो नाही.