सात शब्दांचा पाढा

१२ सप्टेंबर १९८३
बी.ए. फायनलचे निबंध तपासले. तपासले कसले, लाल शाई संपवली. विषय 'माझे गाव'. गावात तलाव आहे. माझे वडील धान लावतात. गावात शाळा आहे. तलावात मासे आहेत. एका वाक्याची दुसऱ्याशी ओळख नाही. एसटीत शेजारी बसलेली माणसंसुद्धा एकमेकांना गाव विचारतात, ह्यांची वाक्यं तेवढंही करत नाहीत.

दुपारी प्राचार्यांनी बोलावलं. "मॅडम, यंदा कंपल्सरी इंग्रजीचा निकाल वर आला पाहिजे. तुमच्या नेमणुकीच्या मान्यतेची फाईल माझ्याकडंच आहे." दोन वाक्यं, मधे जोडशब्द कुठला नाही, तरी मला अर्थ लख्ख कळला.

घरी, शहापूरला उतरेपर्यंत डोकं ठणकत होतं. माय म्हणाली, "नोकरी करून राहिली का हमाली, बाई?" जेवले, झोपले.

२० सप्टेंबर
सुचलं एकदाचं. जोडशब्दांचा पाढा करायचा. सात शब्द, ठरलेल्या क्रमानं. फर्स्टली, मोअरओव्हर, फॉर एक्झाम्पल, हाऊएव्हर, ऑन द अदर हँड, देअरफोर, इन शॉर्ट. प्रत्येक परिच्छेदाच्या तोंडाशी एकेक. विषय कुठलाही येवो. फळ्यावर नंबर घालून लिहिले आणि म्हणून घेतले. पोरं दुसऱ्याच खेपेला सुरात म्हणायला लागली. बे एके बे करत मोठी झालेली ही पोरं, पाढा म्हटलं की त्यांना हायसं वाटतं. मलाही वाटतं, खोटं कशाला बोलू.

स्टाफरूमपर्यंत आवाज गेला. इतिहासाचे सर: "काय मॅडम, भजनी मंडळ काढलं का?" सगळे हसले. हसा म्हणावं. निकालाच्या दिवशी बघू.

७ ऑक्टोबर
पाढा लागू पडला. पानभर लिहिताहेत. चुकतात, पण लिहिताहेत.

प्रमिला वर्ग सुटल्यावर थांबली. सानगडीची, मागच्या बाकावर बसते, इंग्रजीत दोनदा गेलेली. म्हणाली, "मॅडम, आधी एक वाक्य झालं का मंग दुसऱ्याचं भेव लागे. आता नाही लागत." फार बरं वाटलं. ह्या नोकरीत असं कधी वाटू शकतं हेच विसरले होते.

तिला बी.एड. करायचंय, शाळेत शिकवायचंय. वडिलांनी बजावलंय, ही शेवटची खेप. पास झाली तर शिक म्हणे, नाही तर पुढच्या दिवाळीनंतर लग्न. लाखांदूरकडचा मुलगा येऊन पाहूनही गेलाय. हे सगळं तिनं हवापाण्याचं सांगावं तसं सांगितलं.

२ डिसेंबर
धानकापणी. अर्धा वर्ग शेतावर. उरलेल्यांना म्हटलं, आज हाऊएव्हरचा अर्थ शिकू. काल एकानं लिहिलं, माझे वडील शेतकरी आहेत, हाऊएव्हर ते प्रामाणिक आहेत. दुसऱ्याची गाय दूध देते, देअरफोर तिला चार पाय आहेत. म्हटलं, आधीच्या वाक्याच्या उलट काही सांगायचं असेल तरच हाऊएव्हर लावायचा. समजलं? मागून एकजण, "मॅडम, अर्थ राहू द्या जी. चौथा नंबर त्याचाच ना?"

हो म्हटलं. चौथाच.

खडू आपटला. हा अभ्यासक्रम कुणी, कुणासाठी केला? विद्यापीठाला ह्यांच्याकडून मुद्देसूद निबंध हवा, दोन्ही बाजू मांडून शेवटी निष्कर्ष काढणारा. ह्यांना इंग्रजीत प्यायला पाणी मागता येत नाही. वरून प्राचार्यांना निकाल हवा. तर घ्या पाढा.

१३ एप्रिल १९८४
पेपर झाला. निबंध 'खेडी आणि शहरे'. बाहेर आल्या आल्या पोरांनी घेरलं. "सातही लावले मॅडम, एक नाही सोडला!" एवढी खुश पोरं इंग्रजीच्या पेपरानंतर मी कधी पाहिली नव्हती. प्रमिला नुसती हसली. बहुतेक झाली पास.

२७ जून
निकाल. आमच्या सेंटरचं इंग्रजी राखून ठेवलंय. सरसकट सगळ्यांचं. संशय: मास कॉपी.

प्राचार्यांनी दार लावून सांगितलं. सगळ्या उत्तरपत्रिकांत तेच शब्द, त्याच जागी, त्याच क्रमानं. तपासणाऱ्यानं तसा शेरा मारलाय. म्हटलं, सर, तो पाढा आहे, मी शिकवलाय. तर म्हणतात, "माहीत आहे मला. वर्षभर भिंतीपलीकडून ऐकलाय."

मग? मग काही नाही. मी बोलायचं नाही. पोरांनी माफीनामे लिहून द्यायचे, प्रत्येकाला एका परीक्षेची बंदी, आणि सेंटर वाचेल. "पाढे म्हणून इंग्रजी शिकवतात असं बाहेर गेलं तर कॉलेजची काय अब्रू राहील? आणि तुमची मान्यता तर विसराच. आधीच तुमच्या लोकांच्या नेमणुकांवर सगळ्यांचा डोळा आहे."

तुमच्या लोकांच्या. इतकी वर्षं मनात होतं, आज बाहेर आलं. मी उठून आले. चहा पुढ्यात होता तो तसाच ठेवला.

निकाल वर आला पाहिजे म्हणून ह्यांनीच मानेवर बसून...

३० जून
निम्म्याहून जास्त पोरांनी सह्या केल्या. एका परीक्षेनं काय होतं, म्हणतात. प्रमिलानं केली नाही.

आज दुपारी ती वडिलांना घेऊन शहापूरला घरी आली. म्हातारा दारातच उभा राहिला. मायनं आत बोलावून बसवलं, पाणी दिलं. प्यायला. मायनं माझ्याकडं पाहिलं, मी मायकडं. त्यांच्या घरात आमच्या हातचं पाणी कुणी प्यायलं असेल असं वाटत नाही. पण आज त्यांना त्याचं भान नव्हतं.

"बाई, मले इंग्रजीतलं काही समजत नाही. पोरीनं चोरी केली का, तेवढं सांगा जी."

"नाही केली."

"मंग सही काहून मागून राहिले? गावात सारे मले विचारून राहिले. काय सांगू मी?"

म्हटलं, चौकशी समिती येणार आहे, तिच्यासमोर मी बोलते. प्रमिला तोवर खाली बघत होती. जाताना दारात वळली. "मॅडम, मी सही नाही करत. लग्न लावून दिलं तरी चालंन, पण चोट्टी म्हणून नाही जाणार सासरी."

ते गेल्यावर माय तांदूळ निवडायला बसली. मग म्हणाली, "बोल तू. पण नोकरी सांभाळून बोल." माय, ते कसं करायचं ते पण सांगून टाक ना.

९ जुलै
चौकशी झाली.

तिघे होते. अध्यक्ष जाड चष्म्याचे, आवाज मऊ. प्राचार्य शेजारच्या खुर्चीत, माझ्याकडं न बघता. मी सांगून टाकलं. मीच शिकवलं, फळ्यावर लिहून, सुरात म्हणवून घेऊन. "म्हणून दाखवा," म्हणाले. म्हटला. एम.ए. झालेली बाई परक्या माणसांसमोर उभी राहून पाढा म्हणते आहे. एकजण खिडकीकडं तोंड करून हसला. मेल्याहून मेल्यासारखं झालं.

अध्यक्ष म्हणाले, "मॅडम, मला तुमचं ऐकायचंय. पण पुरावा काय?" मीच सुचवलं. कुणालाही बोलवा, कुठलाही विषय द्या, तुमच्यासमोर लिहू द्या. सातही शब्द त्याच क्रमानं येतात की नाही बघा. आणि प्रमिलाचं नाव मीच दिलं. माफीनामा न दिलेली, बाहेर बाकावर बसलेली, तिच्यापेक्षा खरी साक्ष कोणाची, असं वाटलं. मीच दिलं नाव.

विषय दिला 'गावचा तलाव'. अर्धा तास मान वर न करता लिहीत होती. अध्यक्षांनी वाचलं, परत वाचलं, आणि कागद माझ्यापुढं सरकवला.

एकही शब्द नव्हता. सातांतला एकही नाही.

तलाव उन्हाळ्यात कसा आटतो. गाळात पोरं मासे कशी चाचपडतात. आई तलावाच्या बांधावर, पाळीवर धुणं वाळत घालते, आणि पावसात तीच पाळ फुटेल म्हणून सारं गाव तिच्यावर जागत बसतं. तोकडी वाक्यं, स्पेलिंगच्या चुका. पण एक वाक्य दुसऱ्याला हाताला धरून नेत होतं. वर्षभर लिहून लिहून पोरीचा हात मोकळा झाला होता आणि मला पत्ता नव्हता. मी सात नंबर मोजण्यात गुंतले होते. इतकं सुंदर काही मी त्या वर्गात वाचलेलं नाही, आणि नेमकं तेच आज नको होतं.

अध्यक्ष म्हणाले, "चांगलं लिहिते मुलगी. पण तुमचे ते शब्द हिच्या हातून येत नाहीत. मग परीक्षेत कुठून आले?"

मी प्रमिलाला विचारलं, का नाही लावलेस? तिनं सरळ सांगितलं. "प्राचार्य सर म्हणाले होते, ते शब्दच चोरीचा पुरावा आहेत. म्हणून नाही लावले." प्राचार्य खुर्चीतून म्हणाले, "मी असं काहीही बोललेलो नाही." समितीनं दोन्ही लिहून घेतलं. कुठल्यावर विश्वास ठेवला ते चेहऱ्यांवरून कळत होतं.

स्टँडवर साकोलीची गाडी लागेपर्यंत ती माझ्याजवळ उभी होती. काय झालंय ते तिला कळलंच नव्हतं. म्हणाली, "मॅडम, चांगलं लिवलं ना मी?"

हो म्हटलं. खूप चांगलं. गाडी गेल्यावर तिथंच बाकावर बसून रडले. लोक बघत होते, बघू देत.

११ जुलै
सही केलेली पोरं फाटकाशी भेटली. "तुम्ही बोलल्या म्हणून आमचं लांबलं. माफी देऊन मोकळे झालो असतो." ह्यांच्यासाठी मी तिथं पाढा म्हटला! पण त्यांना तरी काय बोलू. त्यांच्या जागी मी असते तर हेच म्हटलं असतं.

स्टाफरूममध्ये मी गेले की सगळे एकदम पेपरात डोकं घालतात. इतिहासाच्या सरांनी तेवढा चहा पुढं केला.

१३ जुलै
समितीकडून कागद आला. अध्यक्षांनी लेखी मत मागवलंय. प्रमिलाची परीक्षेतली उत्तरपत्रिका आणि समितीपुढं लिहिलेला निबंध, ह्या दोन्हींपैकी तिचं स्वतःचं लेखन कोणतं, वर्षभर शिकवणाऱ्या प्राध्यापिका ह्या नात्यानं कारणासह कळवावं. सोमवारपर्यंत. बी.एड.ची यादीही त्याच आठवड्यात लागते.

निबंध तिचा म्हटलं की परीक्षेतलं चोरीचं ठरतं. परीक्षेतलं तिचं म्हटलं तर तलावाचा विषय नेहमीचाच, तो निबंध तिनं आयता पाठ करून आणला म्हणतील. अध्यक्ष भले दिसले म्हणून मी खुळ्यासारखी... भला माणूस दोन्ही बाजूंनी कापतो. प्राचार्य तरी एकाच बाजूनं कापतात.

तेही आज येऊन गेले टेबलाशी. आवाज एकदम गोड. "निबंध तिचा आहे असं लिहा. खरंच आहे ते. तुमची फाईल मी सोमवारीच पाठवतो."

१५ जुलै, रविवार
सकाळपासून कागद घेऊन बसले आहे. मायनं दोनदा जेवायला हाक मारली.

खरं एवढंच आहे की दोन्ही तिचं आहे. तसं लिहिलं. 'दोन्ही उत्तरे कु. प्रमिला हिचीच आहेत, कारण' इथपर्यंत. पुढं सरकत नाही. पहिलं तिनं मी शिकवलं म्हणून लिहिलं. दुसरं मी न शिकवताही लिहिलं. हे लिहून खाली मी सही करायची, आणि हुद्दा घालायचा: इंग्रजीची प्राध्यापिका.

आता माय विचारते आहे, कोणाचा कागद आहे एवढा. म्हटलं, एका मुलीचा. "पास झाली का?" नाही माहीत.

उद्या सकाळच्या गाडीनं कागद न्यायचा आहे. 'कारण' खोडलेलं नाही. पुढं अजून...