आईची तंबूगाडी

प्रिय वीत्स्के,

तेर्सेलिंग बेटावरून लिहितोय, वाळूच्या टेकड्यांमागच्या आपल्या नेहमीच्या जागेवरून. वारा असा सुटलाय की कागदावर कॉफीचा मग ठेवून लिहावं लागतंय. डावा हात आता कागद धरण्याच्याही कामाचा नाही, हे तू जाणतेसच. तुझी आई टॉवेल खांद्यावर टाकून शीळ घालत आंघोळीला गेली आहे. ती यायच्या आत हे पत्र संपवायचं आहे, कारण मी तुला लिहितोय हे तिला माहीत नाही.

आधी बातमी. आपला तंबू गेला. तोच, जाड कापडाचा, लोखंडी खांबांचा, ज्याच्या प्रत्येक खांबाला मी रंगीत पट्ट्या चिकटवल्या होत्या आणि जो माझ्याशिवाय कुणी उभा करायचा नाही असा घरचा कायदा होता. ऑक्टोबरात अर्धांगाचा झटका आला, हात गेला, आणि मी जाहीर करून टाकलं की तंबू नाही तर सुट्टीही नाही. तुझी आई म्हणाली, जमिनीवरून उठता येत नसेल तर उंच बिछान्याचं काहीतरी बघू. मी म्हणालो, "पेटीत झोपायचं ते मेल्यावर!" तिने पातेलं घासायला घेतलं. मार्चमधल्या एका सकाळी "बटाटे घेऊन येते" म्हणून गाडी काढून गेली, ती दुपारी गाडीमागे घडीची तंबूगाडी जोडून परत आली. कुणा शेतकऱ्याच्या कोठारात सात वर्षं पडून होती म्हणे. दोन चाकांवरची बसकी पेटी. झाकण उलटलं की त्याचीच जमीन होते आणि पोटातून अख्खा तंबू उलगडतो, गुडघ्याइतक्या उंच बिछान्यांसकट. मी चार दिवस तिच्याशी बोललो नाही. पाचव्या दिवशी जेवताना मीठ लागलं, तेव्हा बोलावं लागलं. बटाटे मात्र ती विसरली होती.

मग शनिवारी तिने ती घरासमोर रस्त्यावरच उघडली. आपल्या गल्लीत असं काही उघडलं की काय होतं ते तुला सांगायला नको. दहा मिनिटांत सगळे कॉफीचे कप घेऊन हजर. शेजारच्या हार्मला तर पर्वणीच. "काय बेरेंट, इतकी वर्षं आम्हा तंबूगाडीवाल्यांना आळशी म्हणालास, आणि आता?" मी काही बोलायच्या आत आईच म्हणाली, "आळशी तो अजूनही नाही, नुसता हट्टी आहे. हार्म, तोंड चालवायचं तर कप खाली ठेव आणि हे टोक धर." पहिल्या दिवशी सव्वादोन तास लागले आणि स्वयंपाकाचा कप्पा उलटा बसला. चौथ्या शनिवारी तिने एकटीने पस्तीस मिनिटांत उभी केली. मी घड्याळ लावून बसलो होतो, दुसरं करण्यासारखं तरी काय होतं?

खरी परीक्षा गाडी मागे घेण्याची. मागे काही जोडलं असलं की सुकाणू डावीकडे फिरवावं आणि ते धूड उजवीकडे जावं, असा उफराटा कारभार. रविवारी रोपवाटिका बंद असते, तिच्या मोकळ्या आवारात आईने रिकाम्या कुंड्या मांडल्या. मी शेजारी बसलो आणि चाळीस वर्षं लोकांची छपरं शाकारताना वरून गड्यांवर जसा ओरडायचो, तसा ओरडू लागलो. तिसरी कुंडी फुटल्यावर ती थांबली, फिरून माझ्या बाजूला आली, दार उघडलं. "उतर. त्या बाकावर जाऊन बस. तू शाकारायला शिकलास तेव्हा तुझ्या कानाशी कुणी बोंबलत नव्हतं." खरं तर तुझे आजोबा बोंबलत होते, पण तिचा चेहरा बघून मी मुकाट्याने उतरलो. बाकावरून मी पहिल्यांदा तिच्याकडे नीट पाहिलं, वीत्स्के. सदुसष्ट वर्षांची बाई, खाली उशी, जीभ दातांत धरलेली, वीसदा तेच करतेय आणि एकदाही वैतागत नाही. मी असतो तर दुसऱ्याच वेळी कुंड्यांना लाथा घातल्या असत्या.

बुधवारी इथे पोचलो. दोन झुडपांच्या मधली जागा, आणि समोर खुर्च्या टाकून बसलेली मंडळी. नवीन आलेल्यांचा तमाशा बघण्यासारखी करमणूक नाही, आपणही आयुष्यभर तेच केलं. दुसऱ्या प्रयत्नात तिने गाडी अचूक आत घातली. पण दार पश्चिमेला केलं, भर वाऱ्यात. मला बघताक्षणी कळलं. तोंड उघडलं, आणि मिटलं. माझ्यासाठी ते हात गमावण्याहून अवघड होतं, हसू नकोस. कापड वर येताच वाऱ्याने असं फुगलं की शेजारच्या तंबूतला पोरगा धावत आला, "काकू, मदत करू?" आई म्हणाली, "थांब रे जरा, आधी मला पुरती चुकू दे." तिने सगळं शांतपणे घडी करून बंद केलं, दोन मिनिटं वारा बघत उभी राहिली, मग स्वतःच चौघांना हाक मारून कुणी कुठे धरायचं ते सांगितलं आणि अख्खी गाडी फिरवून घेतली. तंबू उभा राहिला तेव्हा समोरच्यांनी टाळ्या वाजवल्या. मला तिचा इतका अभिमान वाटला की मीही उजवा हात मांडीवर आपटून साथ दिली. ती केस मागे सारत माझ्याकडे आली. "तुला आधीच कळलं होतं ना?" हो म्हणालो. "आणि गप्प बसलास?" परत हो म्हणालो. ती गवतावर बसली आणि हसत सुटली, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली.

आता ज्यासाठी लिहायला बसलो ते. जानेवारीत आईने सायकलींच्या खोपीतून तुला फोन केला होता. मी मागच्या दारात उभा होतो, सगळं ऐकलं. "मला आता झेपत नाही गं," असं ती म्हणाली. मी आत गेलो आणि कधी बोललो नाही. तुला वाटलं, माझा हात, माझं उठवणं-बसवणं तिला झेपत नाही. परवा तिच्याकडून कळलं की एक जूनला तू तिकडे बर्गनच्या शाळेत राजीनामा देऊन कायमची परत येणार आहेस. पोरी, हाताचं तिने केव्हाच निभावून नेलं होतं. तिला झेपत नव्हतं ते माझं तोंड. त्यासाठी काल मी तिची माफी मागितली. "उशीर केलास," एवढंच म्हणाली आणि मला आणखी एक बटाटा वाढला. येऊ नकोस असं सांगायचा हक्क मला नाही. पण राजीनामा देण्याआधी तिला एकदा फोन कर, मी जवळ नसताना, आणि सरळ विचार. तिला अजूनही झेपत नसेल तर ये, मी खाली मान घालून ऐकेन. आणि झेपतंय म्हणाली, तर माझ्या बोलण्यावर नाही, तिच्या बोलण्यावर विश्वास ठेव आणि तुझ्या वर्गातल्या पोरांना सोडू नकोस.

तुझाच,
बाबा