उशिरा निघालेलं पिल्लू

आई, बाहेर पडताना घरातली सगळी बटणं बंद करायची तुझी सवय मी इंग्लंडलाही घेऊन आले, हे तुला माहीत नसेल. तू गेलीस तेव्हा मी इथे नवीनच होते. लीड्समधल्या या घरात प्रत्येक प्लगशेजारी एक बटण आहे, आणि दाराला कुलूप लावण्याआधी माझा हात आपसूक सगळ्या भिंतींवरून फिरून येतो. टीव्ही बंद, टोस्टर बंद, केटल बंद. इथेच वाढलेली लेक लहानपणापासून आपल्या मोडक्या मराठीत चिडवते, "आई, फ्रिज तरी चालू ठेवलीस ना?" मला त्याचं कधी वाईट वाटलं नाही. तुझी शाळेतली नोकरी सुटली, तू गेलीस, तरी तुझी एक शिस्त माझ्या हातात शिल्लक आहे याचं बरंच वाटायचं. तर या वैशाख पौर्णिमेला त्या शिस्तीने असा घोळ घातला की आता सगळं निभावल्यावरही छातीतली धडधड पुरती गेलेली नाही. तुला सांगितल्याशिवाय ती जायची नाही, म्हणून लिहायला बसले.

तुझ्या जावयांची हिवाळ्यात बायपास झाली. ऑपरेशन छान झालं, डॉक्टर खूश, पण हे घरी येऊन खुर्चीत बसले ते बसलेच. जन्मभर कौन्सिलच्या, म्हणजे इथल्या नगरपालिकेच्या, रस्त्यांच्या कामावर उन्हापावसात उभा राहिलेला माणूस, पण दाराबाहेर पाऊल टाकायला घाबरायला लागला. "अहो, कोपऱ्यापर्यंत तरी चला," म्हटलं की उत्तर ठरलेलं, "उद्या बघू." मी रागावले, विनवलं, अबोला धरून पाहिला. शेवटी शेजारच्या म्हाताऱ्याने काम केलं. कौन्सिलकडून भाजी लावायला भाड्याने घेतलेल्या जमिनीच्या तुकड्यावर तो कोंबड्या पाळतो. एक दिवस तो काही अंडी आणि आपला अंडी उबवायचा जुना इन्क्युबेटर घेऊन दारात उभा. "गिव्ह इट अ गो, लव्ह. कीप्स यू बिझी." आणि आई, हे उठले. अंडी फिरवायची, पाण्याची वाटी भरायची, तापमानाच्या काट्याकडे बघत बसायचं, मला सारखं बोलावून दाखवायचं. एके सकाळी आपणहून म्हणाले, "पिल्लं आली की खुराडं मी बांधणार. शेडमध्ये लाकूड पडूनच आहे." मी भांडी घासायच्या निमित्ताने आत गेले आणि रडून घेतलं. तेव्हापासून मला एवढंच हवं होतं, त्यातलं एक तरी पिल्लू जगावं.

पौर्णिमेला लेस्टरला मोठा कार्यक्रम होता. वंदना, जेवण, जुनी माणसं. हे यायला तयार झाले हेच मोठं नवल, त्या आनंदात मी घरभर फिरले आणि सगळी बटणं बंद केली. परत आलो तेव्हा बाहेर अजून लख्ख उजेड होता. हे बूट न काढता थेट मागच्या खोलीत गेले. मग आवाज आला, "अगं, हा बंद कसा? लाइट गेली होती का?" लाइट गेलेली नव्हती. लीड्समध्ये कधी जाते लाइट? मी तिथल्या तिथे सांगून टाकलं, "मीच बंद केलं असणार. हाताने झालं." यांनी बटण चालू केलं, अंड्यांना हात लावून पाहिला आणि जाऊन त्या खुर्चीत बसले. आरडाओरडा केला असता तर बरं झालं असतं. खरं सांगू, मला त्या क्षणी तुझाही राग आला.

ठरलेला दिवस उलटून गेला, अंडी ढिम्म. हे खोलीकडे फिरकेनात. आशा सोडल्यावर एका अंड्याला तडा दिसला, आतून बारीक चिवचिव. मी यांना ओढूनच आणलं. पण छोटंसं भोक पडलं आणि काम थांबलं. सकाळ गेली, दुपार होत आली, आत चोच हलतेय, बाहेर काही येत नाही, आतला पापुद्रा सुकून कागद झालेला. "काढूया का?" हे म्हणाले, आणि हात पुढे केला.

आणि मी एकदम आपल्या परसात. तू उकिडवी बसली आहेस, शाळेचं लुगडं बदललेलं नाही, हाताला खडू तसाच. खुडूक कोंबडीखाली तू कोळशाने खुणा करून ठेवलेली अंडी, कडेला लोखंडाचा खिळा. आभाळ गडगडलं की अंडी बिघडतात म्हणून तो खिळा. दीक्षेनंतर घरातला एकूण एक उतारा, नवस, अंगारा तू बाहेर काढलास, खिळा मात्र ठेवलास. बाबा हसायचे, तर तू म्हणायचीस, "खिळा काही देव नोहे. खिळा हाय." त्या दिवशीही एक पिल्लू असंच अडकलं होतं आणि मी बोट पुढे केलं. तू हात झटकलास. "हात नको लावू. रगत अजून आत घेऊन राह्यलं ते. त्याचं त्याले येऊ दे." मला वाटलं, किती कठोर आहेस. पण तू तिथून हलली नाहीस. वरणभात चुलीवर तसाच, आणि तू बघत बसलीस. मग कधीतरी कोमट पाण्यात बोट बुडवून पापुद्रा भिजवलास, नखाने कवचाचा एक तुकडा काढलास, पुन्हा थांबलीस.

"हात नको लावू," मी यांना म्हणाले, तुझ्याच आवाजात. हे चकित होऊन माझ्याकडे बघायला लागले. मग आम्ही दोघं बसून राहिलो. पापुद्र्याखालच्या लाल रेघा फिकट झाल्या तेव्हा मी कोमट पाणी घेतलं. एक तुकडा, मग थांबायचं. पुन्हा एक तुकडा. पिल्लू बाहेर आलं ते ओल्या चिंधीसारखं, मान टाकलेली, पाय दोन दिशांना फाकलेले. यांनी मान फिरवली. "राहू दे. नाही जगायचं ते." फोनवर लेक म्हणाली, "आई, बाबाला प्लीज प्रिपेअर कर. ती पिल्लू सर्व्हाइव्ह नाही होणार." मी म्हटलं, बघू.

तू करायचीस ते सगळं केलं. कोरडं झाल्यावर डब्यात टॉवेलवर ठेवलं, वर उबेचा दिवा. चोचीच्या कडेला बोटाने गुळाच्या पाण्याचा थेंब. तू लुगड्याच्या काठाची चिंधी बांधून पाय जवळ आणायचीस, मी चिकटपट्टीची बारीक पट्टी कापली. ती धरायला तिसरा हात हवा होता. यांनी पिल्लू ओंजळीत घेतलं आणि मग खाली ठेवेचनात. "धडधडतंय गं," म्हणाले. "केवढं जोरात धडधडतंय." एकटं पडलं की ते कोकलायचं, म्हणून यांनी माझा पावडरचा आरसा डब्यात उभा केला आणि स्वतः शेजारी खुर्ची ओढली. तीच खुर्ची. पण आता तिच्यावर टेकायला फुरसत कुठे होती यांना.

आई, ते जगलं. पट्टी काढली तेव्हा दोन पावलं चाललं, तोंडावर पडलं आणि उठून आरशाला चोच मारायला गेलं. मी इतकी मोठ्याने हसले की शेजारच्या म्हाताऱ्याने कुंपणावरून विचारलं, ऑल राइट? आता तो त्याच्याकडची दोन पिल्लं सोबतीला देणार आहे. आणि हे लिहिताना मागच्या शेडमधून करवतीचा आवाज येतोय. थांबून थांबून येतो, कारण दम लागतो, पण येतो. काल लाकूड कमी पडलं म्हणून हे दुकानापर्यंत चालत गेले. मला सांगितलंही नाही, पिशवी घेतली आणि निघाले.

बटणांचं म्हणशील तर सवय गेलेली नाही. त्या एका बटणावर मात्र यांनी जाड टेप चिकटवली आहे, माझ्याकडे बघत बघत.

हे पत्र पोस्टात पडायचं नाही, तुझ्या फोटोमागे राहील. एकच सांगायचं राहिलं. परवा दुपारी आभाळ गडगडलं. मी हातातलं काम टाकून शेडमध्ये गेले, खिळा शोधला, पदराआड लपवून आणला. सगळ्या आयुष्यात तुझ्या खिळ्यासकट असल्या गोष्टींवर यांच्याशी मिळून हसत आले, त्यामुळे दिसू द्यायचा नव्हता. शिवाय अंडं केव्हाच फुटलेलं, आता खिळ्याचं काम तरी काय. पिल्लाखालचा टॉवेल उचलला तर खाली आधीच एक खिळा होता. नवा कोरा, खुराड्यासाठी आणलेल्यातला. मी टॉवेल सारखा केला, यांना काही बोलले नाही. पण माझा खिळाही मी परत नेला नाही गं. त्याच्या शेजारीच ठेवला.