जावईबापूंच्या गाडीला जुंपलेली खोली

तीर्थस्वरूप आर्डिसताईस,

गोठलेल्या तळ्याच्या काठावरून धाकट्या डेलमारचा वाकून नमस्कार (वाकताना कंबरेत कळ आली, तिचं कारण पुढे येईलच). तुझा गुडघा, तुझ्या कुंड्या आणि तुझ्या पत्ते खेळणाऱ्या मैत्रिणी सगळ्या धडधाकट असतील अशी आशा आहे. तिकडे अ‍ॅरिझोनात तू मार्चमध्येच बिनबाह्यांचे झगे घालून फिरतेस असं सिग्ने सांगत होती. एकोणऐंशीव्या वर्षी ते शोभतं का, हे मी विचारणार नाही, कारण मी धाकटा. आमच्याकडे मिनेसोटात सगळं ठीक. थंडीही फार नाही, शून्याखाली दहाच.

पत्र लिहिण्याचं कारण म्हणजे माझ्याविरुद्ध घरात काहीतरी शिजतंय. सुरुवात झाली जानेवारीत. सिग्नेने, म्हणजे माझ्या लेकीने आणि तुझ्या लाडक्या भाचीने, माझ्या पिकअपच्या किल्ल्या काढून घेतल्या आणि स्वतःच्या स्वयंपाकघरातल्या खणात टाकल्या. का, तर मी रविवारी चर्चच्या हिरवळीवर गाडी लावली. ताई, हिरवळ आणि गाडीतळ दोन्ही दोन फूट बर्फाखाली होते! (बाकीच्या एकोणीस गाड्या बरोबर जागी होत्या, हा तिचा मुद्दा. पण ते लोक एकामागून एक जातात, त्यात डोकं लागत नाही.) आता चौदा एप्रिलला परवान्यासाठी डोळ्यांची तपासणी आहे. पास झालो तर किल्ल्या परत. नापास झालो तर पिकअप विकायची, पाठोपाठ हे घर विकायचं, आणि मी गावातल्या त्या लिफ्टवाल्या इमारतीत जायचं, जिथे दुपारी चारला रात्रीच्या जेवणाची घंटा होते. चार वाजता, ताई! त्या वेळेला मासे नुकते गळाला लागायला लागतात.

आता आपल्या बर्फावरच्या खोलीचं, जिच्यात शेगडीशी बसून बर्फाच्या भोकातून मासे धरण्यात माझा हिवाळा जातो. मार्चमधल्या ठरलेल्या सोमवारच्या आत ती तळ्यावरून हलवावी लागते, हे तुला सांगायला नको. एरवी माझी पिकअप चाकांवरची ती खोली ओढून परसात आणते, पण किल्ल्या खणात. अशात आमच्या जावईबापूंचा, प्रेस्टनचा, फोन आला. "सर, मी ओढून आणू का तुमची खोली?" (लग्नाला अकरा वर्षं झाली तरी हा मला 'सर' म्हणतो. दक्षिणेत, त्याच्या जॉर्जियात, तशी पद्धत आहे म्हणे. सासऱ्याला सर कोण म्हणतं? ज्याला कागदावर सही हवी असते तो.) मी रीतीप्रमाणे म्हटलं, "छे छे, तू कशाला त्रास घेतोस." आता यावर त्याने पुन्हा विचारायचं, मी पुन्हा नको म्हणायचं, आणि तिसऱ्यांदा विचारलं की "बरं बाबा, एवढं म्हणतोस तर" म्हणायचं. हा म्हणाला, "बरं सर," आणि फोन ठेवला! मी दोन दिवस फोनजवळ बसून. शेवटी सिग्नेच्या कानावर सहज घातलं की खोली बुडाली तर बुडो, माझे आता राहिलेत किती दिवस. शनिवारी सकाळी नऊला जावईबापू दारात हजर. कॉफी घेणार का विचारलं, तर पहिल्याच विचारण्याला हो म्हणाला. अशा माणसावर विश्वास कसा ठेवायचा, तूच सांग. ज्याने अकरा वर्षांत एक मासा हातात धरला नाही त्याला माझ्या खोलीचा एवढा कळवळा कुठून आला? माझा अंदाज असा, की मी कुठे कुठे चुकतो ते टिपायला सिग्नेने त्याला पाठवला होता.

त्याची ती नवी गाडी तू पाहिलेली नाहीस. धड मोठी नाही, धड छोटी नाही, आणि आत सगळं सायीच्या रंगाचं चामडं. बसलं की खालून ऊब येते (पहिल्यांदा मला वेगळीच शंका आली आणि मी घाबरलो). पुस्तिकेत लिहिलंय म्हणे की ती पाच हजार पौंड ओढते. पुस्तिका कोणी लिहिली? गाडी विकणाऱ्यांनीच. गाडीत एक बाई बोलते. बर्फावर उतरताना मी नियमाप्रमाणे पट्टे सोडायला आणि काचा खाली करायला लावल्या, म्हणजे गाडी बुडाली तर निदान आपण बाहेर. पण ती बाई "पट्टा लावा, पट्टा लावा" म्हणून जी सुरू झाली ती थांबेना. म्हणजे वरून गोठवणारा वारा, खालून ऊब आणि कानाशी कटकट. मला आपल्या हिल्डामावशीकडचे दिवस आठवले.

तळ्यावर पोचलो तर खोली बर्फात घट्ट रुतलेली. डिसेंबरात चाकं वर उचलून ती बर्फावर टेकवताना चौकटीखाली लाकडी ठोकळे घालायचे असतात, नाहीतर चौकट बर्फाला चिकटते. ठोकळे गायब! मी तिथल्या तिथे ओळखलं की चोरी झाली आहे, आणि संशय वेंडेल आहोवर, कारण त्याची खोली शेजारीच आणि त्याचे ठोकळे माझ्या ठोकळ्यांसारखेच दिसत होते. (तुला म्हणून सांगतो, कुठे बोलू नकोस. घरी आल्यावर आठवलं की ठोकळे खाली घालायचे राहूनच गेले होते. ते आत बाकाखाली होते आणि फेब्रुवारीत मीच ते शेगडीत घातले. छान जळले.) मग कुऱ्हाड आणि पहार घेऊन आम्ही दोघं बर्फ फोडत बसलो, माझ्या कंबरेची कळ ती ही. वेंडेल उलट्या बादलीवर बसून बघत होता. "हात लावू का रे, डेल?" त्याने विचारलं. मी म्हटलं, "नको नको, झालंच." तासाभराने पुन्हा विचारलं. मी म्हटलं, "तू बस रे निवांत." सगळं रीतीने चाललं होतं. पण त्याने तिसऱ्यांदा तोंड उघडलं मात्र, आणि जावईबापू कुऱ्हाड टाकून ओरडले, "हो काका, हो! या, लवकर या!" वेंडेल बादलीवरून पडायचाच राहिला. प्रेस्टनचे मऊ चामड्याचे बूट तोवर भिजून पोतेरं झाले होते, पण त्याने त्याबद्दल चकार शब्द काढला नाही. तक्रार न करणारा माणूस मनात काय ठेवतो कुणास ठाऊक.

खोली सुटली, चाकांवर आली. प्रेस्टनने गाडी मागे घेतली आणि जोडणीकडे बघायचं काम माझ्याकडे दिलं (परीक्षाच ही, दुसरं काय!). "सर, गोळ्यावर जबडा बसला? खिट्टी लागली?" मी पाहिलं. ताई, गाडीमागचा लोखंडी गोळा काळा, त्यावर बसणारा खोलीच्या दांड्याचा जबडा काळा आणि खिट्टीही काळी. कोणी रंग दिला असेल त्याला विचारायला हवं. मी म्हटलं, "लागली." "साखळ्या?" "बर्फावर साखळ्या लावत नाहीत." (जोडणी सुटलीच तर खोली धरून ठेवतात, त्या साखळ्या. हे मी तिथल्या तिथे रचलं, वाकवत नव्हतं.) गाडी सुरू केली तर ती बाई म्हणाली, "ट्रेलर जोडलेला नाही." प्रेस्टन थबकला. मी विचारलं, "ही बाई कुठली?" "म्हणजे, सर?" "मिनेसोटाची आहे का? नाही ना? मग तिला काय कळतंय, चल तू." मागच्या काचेवर आणि कॅमेऱ्यावर आम्ही फोडलेल्या बर्फाचा चुरा बसला होता, त्यामुळे मागचं काही दिसत नव्हतं. पण गाडी इतकी हलकी चालत होती की मला तिचं कौतुक करावं लागलं. म्हटलं, "मागे काही आहे असं वाटतसुद्धा नाही." काठावर येऊन उतरून पाहिलं. खोली होती तिथेच, अर्धा मैल मागे, आणि शेजारी वेंडेल टोपी हलवत होता.

दुसऱ्या खेपेला प्रेस्टन स्वतः गुडघ्यांवर बसला, खिट्टी हाताने चाचपून पाहिली, साखळ्या लावल्या. मला एका शब्दाने बोलला नाही. परसात खोली मागे सरकवताना मात्र त्याचं बिंग फुटलं. डावीकडे हवी तर ती उजवीकडे जाई, पुन्हा पुढे, पुन्हा मागे, अठरा वेळा. एकोणिसाव्या वेळी मी मागे उभा राहून हातवारे करत होतो. "सर, खांब दिसतोय ना?" त्याने दोनदा विचारलं. मी म्हटलं, "दिसतोय, दिसतोय, ये तू, भरपूर जागा आहे." मग कडकड आवाज झाला. माझी इंग्रिड गेल्यावरही मी न काढलेला, तिचा कपडे वाळत घालायचा खांब आडवा, आणि खोलीचा कोपरा चेपलेला. तेवढ्यात सिग्ने जेवणाचं भांडं घेऊन आली आणि कमरेवर हात ठेवून म्हणाली, "हे कोणाचे प्रताप?" मी तोंड उघडणार, तर प्रेस्टन म्हणाला, "माझेच. मी नीट बघितलं नाही." आता या वाक्यामागे काय आहे, ते मी चार दिवस शोधतो आहे. माझ्याविरुद्ध एवढा भरभक्कम पुरावा हातात असताना त्याने तो का वापरला नाही? मोठ्या प्रसंगासाठी राखून ठेवला असणार.

असो. गुडघ्याला जप. उन्हात टोपी घालत जा.

तुझा धाकटा भाऊ,
डेलमार

ता. क. पत्राचा खरा मुद्दा राहिलाच. तिकडे जायच्या आधी तू आपल्या गावातल्याच कचेरीत परवाना नवा करून घेतला होतास, आणि तुझी स्मरणशक्ती लहानपणापासून जबरदस्त. तिथल्या डोळे तपासायच्या यंत्रात शेवटच्या ओळीत कोणती अक्षरं असतात, तेवढी लिहून पाठव. ही फसवणूक नाही, उजळणी आहे. चौदा एप्रिलच्या आत पोचायला हवं.

ता. क. २. इंग्रिडचा तो खांब मला खरंच दिसला नाही, ताई. चाळीस वर्षं मी त्याला वळसा घालून चालतो, आणि शनिवारी तिथे मला नुसतं पांढरं दिसलं. मला भीती वाटली. हे सिग्नेला कळवू नकोस. प्रेस्टनला ठाऊक आहे. रविवारी तो एकटाच आला आणि कुणी न सांगता खांब पुन्हा उभा करून गेला. त्यामागचा हेतू अजून सापडलेला नाही.

ता. क. ३. उत्तर लिहिशील ते मोठ्या अक्षरात लिही, पानावर चार ओळी मावतील एवढ्या. तुझं मागचं पत्र मला प्रेस्टनकडून वाचून घ्यावं लागलं. 'त्या जॉर्जियावाल्यावर नजर ठेव, तो लबाड आहे' हे वाक्यसुद्धा त्याने आवाज न बदलता वाचलं, आणि मला नीट ऐकू आलं नसेल म्हणून दोनदा वाचलं. यंत्रातली ती अक्षरं मात्र मी त्याच्याकडून वाचून घेऊ शकत नाही.